बारावीनंतर अर्थशास्त्र की कॉमर्स? फी भरण्याआधी घरच्यांनी हे वाचावं

बारावीचा निकाल लागला की गावात दोन-चार दिवस एकच विषय असतो. कुणाला किती पडले, कोण कुठं जाणार. सायन्सवाल्यांचं ठरलेलं असतं, नीट किंवा सीईटी. पण आर्ट्स-कॉमर्सच्या पोरांना मात्र पारावर हमखास ऐकावं लागतं, "इकॉनॉमिक्स घेऊन काय होणार? त्यापेक्षा पोलीस भरती कर." मुलगी असेल तर पुढचं वाक्य ठरलेलं, "पदवी झाली म्हणजे बास, स्थळ बघायला मोकळं."

प्रश्न चुकीचा नाही. शेतकरी कुटुंबाला तीन वर्षांची फी, खोलीभाडं आणि मेस म्हणजे एखाद्या हंगामाची कमाई जाते. ते पैसे कशावर लागणार हे विचारलंच पाहिजे. अडचण एवढीच, की उत्तर देणारं माणूस गावात सापडत नाही. अर्थशास्त्र आणि फायनान्स म्हणजे नक्की काय, त्याच्या पदव्या कोणत्या, पुढं नोकरी कुठं, पैसे कसे उभे करायचे आणि फसवणूक कुठं होते, हे सगळं एका ठिकाणी असावं म्हणून ही माहिती.

अर्थशास्त्र वेगळं, फायनान्स वेगळं

दोन्ही शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात. फरक कांद्यावरून लगेच कळतो.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांदा निर्यातबंदी केली. लासलगावसह सगळ्या बाजार समित्यांत भाव कोसळले. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर टन किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. असा निर्णय सरकार का घेतं, शहरातल्या ग्राहकाला किती फायदा होतो, शेतकऱ्याचं किती जातं, बाहेरचं गिऱ्हाईक कायमचं तुटतं का, हा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र.

कांदा जास्त पिकला की भाव एवढा का पडतो, हेही त्यातच येतं. कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी भाजीत दुप्पट टाकत नाही. मागणी फारशी वाढत नाही. त्यामुळं उत्पादन दहा टक्के वाढलं तर भाव दहा टक्क्यांवर थांबत नाही, त्याहून जास्त पडतो. शेतकऱ्याला हे अनुभवानं ठाऊक असतं. पुस्तकात त्याला मागणीची लवचिकता म्हणतात, आणि ती मोजायचं गणित असतं.

आता तोच कांदा चाळीत ठेवायचा की आज विकायचा, हा प्रश्न फायनान्सचा. समजा १०० क्विंटल कांदा आहे आणि आजचा भाव १,५०० रुपये. आज विकला तर दीड लाख हातात. चार महिने ठेवला आणि सड-घट मिळून २५ टक्के गेला, तर ७५ क्विंटल उरतो. त्या दीड लाखावर वर्षाला १२ टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज ६,००० रुपये. म्हणजे ७५ क्विंटलातून किमान १,५६,००० निघायला हवेत. भाव पडतो क्विंटलला २,०८० रुपये. निवडायची मजुरी वेगळी. यापेक्षा कमी भाव मिळाला तर चाळ भरून तोटाच झाला.

पैशाला वेळेची किंमत असते, धोक्याची किंमत असते, आणि ती आधी मोजता येते, एवढंच फायनान्सचं मूळ आहे. बँक कर्ज देताना, कंपनी कारखाना काढताना, पीकविम्याचा हप्ता ठरवताना हाच हिशोब मोठ्या आकड्यांत होतो.

निर्णय बारावीनंतर नाही, अकरावीतच होतो

इथंच गावाकडची बरीच पोरं अडकतात. अकरावी कॉमर्सला पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन (ओसी) हे विषय असतात आणि बऱ्याच कॉलेजात गणित किंवा चिटणीसाची कार्यपद्धती म्हणजे एसपी, यातलं एक निवडायचं असतं. गणित अवघड, एसपीत मार्क पडतात, म्हणून बहुतेक जण एसपी घेतात. काही ठिकाणी गणिताचा पर्यायच नसतो.

एसपी घेतल्यानं बी.कॉम. अडत नाही, बी.ए. अडत नाही, सीए सुद्धा अडत नाही. पण अर्थशास्त्र खोलात शिकायचं ठरलं की गणित लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला प्रवेशासाठी गणित सक्तीचं आहे. इतर ठिकाणी अट नसली, तरी एम.ए., एम.एस्सी.ला संख्याशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्स येतं, तिथं गणित सुटलेली मुलं गळपटतात.

म्हणून दहावीत गणिताला बरे मार्क असतील आणि पुढं अर्थशास्त्र, फायनान्स किंवा रिझर्व्ह बँकेसारख्या परीक्षांचा विचार असेल, तर अकरावीत गणित सोडू नये. ज्यांचं सुटलं त्यांचं सगळं संपलं असंही नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज थोडं गणित आणि संख्याशास्त्र केलं तर भरून निघतं. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर हे विषय फुकट शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी लागते.

पदव्यांची नावं आणि त्यांचा अर्थ

बी.ए. अर्थशास्त्र : तालुक्याच्या बहुतेक कॉलेजात मिळतं. फी सगळ्यात कमी. अनेक विद्यापीठांत पेपर मराठीतून लिहिता येतो. स्पर्धा परीक्षेला पाया चांगला होतो. कमी पडतं ते गणित आणि कॉम्प्युटर. ते आपल्या हिमतीवर करावं लागतं.

बी.एस्सी. अर्थशास्त्र : नाव वेगळं, कारण गणित-संख्याशास्त्र जास्त. पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था यासाठी ओळखली जाते. ही संस्था १९३० सालची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसोबत हेच गाडगीळ होते. अर्थशास्त्र शिकलेला माणूस ऊसवाल्याच्या उपयोगी पडतो का, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण पुरे.

बी.कॉम. : हिशोब, कर, कायदा, बँकिंग. सगळ्यात जास्त मुलं इथंच येतात. नुसती पदवी घेऊन काम मिळणं अवघड, पण सोबत सीए, सीएमए, टॅली, जीएसटीचं काम असं काही जोडलं तर तालुक्याच्या गावातही पोट भरतं.

बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स : हे बी.कॉम.चेच खास प्रकार. बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित असतात, त्यामुळं फी साध्या बी.कॉम.च्या कितीतरी पट असू शकते. अभ्यासक्रम बघून, फी विचारून, मगच अर्ज.

बीबीए, बीएमएस : इथं एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत गेले आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. बारावीचा निकाल घेऊन थेट कॉलेजात गेलेल्या मुलांना तिथं विचारलं जातं, "सीईटी दिली का?" काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून सीईटीशिवाय प्रवेश चालू ठेवले. त्यात गैर असेलच असं नाही, पण पदवीवर नाव काय येणार आणि विद्यापीठाची मान्यता आहे का, हे लेखी विचारावं.

केंद्रीय विद्यापीठात जायचं असेल तर सीयूईटी ही परीक्षा आहे. ती २०२२ पासून होते आणि मराठीतूनही देता येते. अर्ज बारावीच्या निकालाच्या बरेच आधी भरावे लागतात. निकालानंतर चौकशी करणाऱ्याचं ते वर्ष हुकतं.

घर, शेती किंवा संसार सोडून जाता येत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून चालू आहे, बी.ए., बी.कॉम. मराठीतून होतं आणि सरकारी परीक्षांना ती पदवी चालते. लग्न झाल्यावर शिक्षण तुटलेल्या मुलींसाठी हा रस्ता उघडा आहे.

सीए : फी परवडते, वेळ परवडतो का ते बघावं

बारावी झाली की सीए फाउंडेशन देता येतं. चार पेपर : अकाउंटिंग, कायदा, गणित-संख्याशास्त्र-तर्क, आणि अर्थशास्त्र. प्रत्येकात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत. त्यापुढं इंटरमिजिएट सहा पेपर, दोन वर्षं आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या ऑफिसात काम, आणि फायनल सहा पेपर. आर्टिकलशिपमध्ये थोडं विद्यावेतन मिळतं. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही.

सीए संस्थेची स्वतःची फी इंजिनीअरिंग-मेडिकलच्या मानानं कमी आहे. खर्च होतो तो क्लासचा आणि शहरात राहण्याचा. आणि निकाल कडक असतो. फाउंडेशनला अलीकडच्या परीक्षांत शंभरातली साधारण पंधरा ते तीसच मुलं पास झाली आहेत. त्यामुळं पहिल्या वेळी नापास झालं म्हणून पोराला घरी बोलावणं आणि पाचव्या वेळीही बी.कॉम. अर्धवट ठेवून बसणं, दोन्ही चूक. पदवी चालू ठेवून सीए करावं. फाउंडेशन जमलंच नाही तरी कॉमर्स पदवीला ५५ टक्के, किंवा दुसऱ्या शाखेच्या पदवीला ६० टक्के असतील तर थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येतं.

नोकऱ्या कुठं आहेत?

नुसत्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्यांत पहिली बँक. आयबीपीएसमार्फत सरकारी बँकांचे क्लार्क आणि पीओ, तसंच ग्रामीण बँकांची भरती होते. कुठलीही पदवी चालते, अर्थशास्त्र किंवा कॉमर्सच हवं असं नाही. ग्रामीण बँकांची आणि क्लार्कची परीक्षा मराठीतूनही देता येते, पण इंग्रजी भाषेचा पेपर असेल तिथं तो इंग्रजीतच सोडवावा लागतो. राज्यातल्या दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे.

नाबार्ड ग्रेड ए ही परीक्षा शेतकऱ्याच्या मुलांनी जरूर बघावी. १२ जुलै १९८२ ला स्थापन झालेली ही बँक शेती आणि ग्रामीण पतपुरवठ्याचं काम करते. परीक्षेत आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि शेती-ग्रामविकास हे विषय असतात, दोन्हींचा भर खेड्यावर. पदवीला खुल्या गटात ६० टक्के मागतात. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी साठीही खुल्या गटाला पदवीत ६० टक्के आणि वय २१ ते ३० अशी अट असते. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात असलो म्हणून मार्कांकडं दुर्लक्ष केलं आणि ५८ टक्क्यांवर पदवी निघाली, तर नुसत्या पदवीवर ही दारं बंद. एस.वाय.ला असताना हे कुणी सांगत नाही, जाहिरात निघाल्यावर कळतं.

एम.ए. किंवा एम.एस्सी. अर्थशास्त्र केलं तर भारतीय आर्थिक सेवा म्हणजे आयईएस आहे. यूपीएससी घेते, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते आणि उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागालाही अर्थशास्त्राची पदव्युत्तर मुलं लागतात. प्राध्यापक व्हायचं तर त्यापुढं नेट किंवा सेट.

राज्य सरकारात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी राज्याची आर्थिक पाहणी हेच तयार करतं. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचं कार्यालय असतं. लेखा व कोषागारे, जिल्हा परिषदेचा अर्थ विभाग इथंही हिशोबातली पदं असतात. भरती दरवर्षी निघेलच याची खात्री नसते, म्हणून एकाच जाहिरातीवर डोळे लावून बसू नये.

गावाजवळ राहून काम हवं असेल तर जीडीसी अँड ए ही परीक्षा विसरू नये. सहकार खातं ती घेतं, पदवीधराला बसता येतं, सहा पेपर असतात. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था यांच्या लेखापरीक्षणाच्या कामासाठी ती उपयोगी पडते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही ताळेबंद, जीएसटी आणि बँकेचा प्रस्ताव नीट करणारा माणूस लागतो. आज हे काम बहुतेक ठिकाणी शहरातला माणूस करून देतो.

खाजगीत बँका, विमा, म्युच्युअल फंड, कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत. तिथं पदवीइतकंच एक्सेल, इंग्रजी बोलणं आणि प्रमाणपत्रं बघतात. सेबीनं स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगा इथं आहे. तिच्या म्युच्युअल फंड, शेअर बाजार अशा विषयांच्या परीक्षा पदवी चालू असतानाच देता येतात.

पैसा कुठून आणायचा

आधी शिष्यवृत्ती, नंतर कर्ज. हा क्रम उलटा करू नये.

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अडीच लाखांपर्यंत उत्पन्नाला भारत सरकार शिष्यवृत्ती, त्यावर फ्रीशिप. राहण्याच्या खर्चासाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. कोणती योजना कोणत्या अभ्यासक्रमाला लागू आहे हे प्रवेशाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावं.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास हे दाखले जून महिन्यात सेतूत गर्दी झाल्यावर काढायला गेलं तर वेळेत हाती पडत नाहीत. बारावीची परीक्षा संपली की तेवढ्या सुट्टीत अर्ज टाकून द्यावेत. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात.

तरी पैसे कमी पडले तर शैक्षणिक कर्ज. पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्यात ३ लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं, त्यामुळं शिक्षणाचं कर्जही तसंच असेल अशी समजूत होते. तसं नसतं. एक हिशोब बघा.

समजा तीन वर्षं, दरवर्षी १ लाख, १० टक्के व्याज. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या लाखावर चार वर्षांचं ४०,०००, दुसऱ्यावर ३०,०००, तिसऱ्यावर २०,०००. हप्ता सुरू होईल तेव्हा ३ लाखांचे ३ लाख ९० हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण ६,४७५ रुपये. हेच व्याज त्या चार वर्षांत भरत गेलं, म्हणजे पहिल्या वर्षी महिना सव्वाआठशेच्या आसपास आणि शेवटी अडीच हजार, तर पुढचा हप्ता साधारण ४,९८० वर येतो. सगळं धरून पस्तीस हजारांच्या आसपास वाचतात. दुधाच्या पगारातून एवढं काढता येत असेल तर काढावं.

केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. त्यात तारण आणि जामीनदार लागत नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. पण ती देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का हे पोर्टलवर आधी बघावं.

आणखी एक गोष्ट फार घरांत उशिरा कळते. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, आणि बँक त्यांचा सिबिल स्कोअर बघते. कर्जमाफीच्या आशेनं थकवलेलं पीककर्ज, ट्रॅक्टरचे चुकलेले हप्ते, कुणासाठी तरी दिलेली जामीनकी, हे सगळं नेमकं पोराच्या प्रवेशाच्या वेळी आडवं येऊ शकतं. मूल दहावीत असतानाच एकदा आपला स्कोअर बघून घ्यावा. वर्षातून एकदा तो अहवाल फुकट मिळतो. चूक असेल तर दुरुस्तीला वेळ राहतो.

फसवणूक कुठं होते

पहिली जागा, मोबाईलवरचे ट्रेडिंग क्लास. फायनान्स शिका, घरबसल्या कमवा, अशा जाहिराती गावोगाव पोचल्यात. ऑप्शन ट्रेडिंग म्हणजे फायनान्सचं शिक्षण नव्हे. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. शंभरातले सात सोडले तर सगळे बुडाले. फीसाठी ठेवलेले पैसे यात घालणाऱ्या पोरांची गोष्ट आता प्रत्येक तालुक्यात ऐकू येते.

दुसरी जागा, "शंभर टक्के प्लेसमेंट" सांगणारे डिप्लोमे. विद्यापीठाशी संबंध नाही, फी लाखात, आणि कर्जही तेच मिळवून देतात. गेल्या वर्षी किती मुलं होती, कुठल्या कंपनीत किती पगारावर लागली, त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का, हे विचारावं. उत्तर गोल मिळालं तर उठून यावं. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी आपल्या संकेतस्थळावर टाकते, तीही बघावी.

तिसरी फसवणूक आपण आपलीच करतो. प्रवेश घ्यायचा, हजेरीपुरतं जायचं आणि परीक्षेच्या आधी आठ दिवस गाईड वाचायचं. अर्थशास्त्राची पदवी त्यानं हातात पडते, पण अर्थशास्त्र येत नाही. मुलाखतीत "रेपो दर वाढला तर तुमच्या वडिलांच्या ट्रॅक्टर कर्जाचं काय होईल" एवढं विचारलं तरी ते उघडं पडतं.

तीन वर्षांत काय करावं

पहिल्या वर्षी गणित, संख्याशास्त्र आणि इंग्रजी वाचन. रोज एका मराठी वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान, आणि दोन महिन्यांनी इंग्रजी. दुसऱ्या वर्षी एक्सेल नीट शिकायचं. आपल्याच घरच्या शेतीचा जमा-खर्च एक्सेलमध्ये पूर्ण वर्ष लिहिला तर त्यापेक्षा चांगला सराव नाही. सुट्टीत तालुक्यातल्या सीएच्या ऑफिसात किंवा पतसंस्थेत महिनाभर काम मागावं, पगार नाही मिळाला तरी चालेल. तिसऱ्या वर्षी ठरवायचं : बँकेची परीक्षा, पदव्युत्तर शिक्षण, की सीए-सीएमए. तिन्ही एकदम करणारा बहुधा कुठंच पोचत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते, पण ती सक्ती नाही. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येतं.

इंग्रजीची भीती खरी आहे. पण ती गावातून आलेल्या पोरालाच असते असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जगाला घटनाकार म्हणून माहीत आहेत, पण त्यांचं परदेशातलं मोठं शिक्षण अर्थशास्त्राचंच. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. झाले, आणि त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. मधल्या काळात पैसे संपले म्हणून त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि ते पुन्हा गेले.

प्रवेशाच्या खिडकीपाशी उभं राहण्याआधी घरात बसून पाच गोष्टी एका कागदावर लिहाव्यात. तीन वर्षांची एकूण फी किती. राहण्या-खाण्याचा खर्च किती. शिष्यवृत्ती कोणती आणि तिची शेवटची तारीख कधी. कर्ज लागलं तर हप्ता किती आणि तो कोण भरणार. आणि मुलाला किंवा मुलीला गणित करायची तयारी आहे का. पाचवा प्रश्न बापानं नाही, पोरानं किंवा पोरीनं स्वतः उत्तर द्यायचा आहे. तो कागद भरला, की पारावरच्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते घरच्यांना आपोआप कळेल.